मासा मोजायचा कुठून कुठे?

मंडळी, बाजारात मासा किलोवर विकला जातो. तलावाचं सर्वेक्षण करणारा जीवशास्त्रज्ञ मात्र आधी लांबी घेतो. पोटात खाद्य असलं, गाभोळी भरली की वजन वर जातं. लांबी तशी हलत नाही.

आता लांबी घ्यायची कशी, ते नीट पाहा. मोजफळीच्या एका टोकाला उभी पट्टी असते. तिला माशाचं तोंड मिटवून टेकवायचं, मासा कुशीवर सरळ ठेवायचा आणि शेपटीच्या दोन्ही पाती चिमटीत एकत्र आणून टोकाचा आकडा वाचायचा. ही एकूण लांबी. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली तर काटा-लांबी, आणि मणका संपतो तिथवर मोजली तर प्रमाण लांबी. कटला माशाची शेपटी दुभंगलेली, म्हणून त्याच्या तिन्ही लांब्या वेगळ्या येतात. आपल्या उजनी धरणातल्या चिलापीच्या, म्हणजे तिलापिया माशाच्या, शेपटीला खाचच नाही, मग काटा-लांबी कुठली घेणार? म्हणून वहीत नुसतं ‘३० सेंमी’ लिहिलेलं मला चालत नाही. कोणती लांबी, तेही शेजारी हवंच.

लांबीसोबत वजन घेतलं की माशाची तब्येत कळते. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. २० सेंमीचा मासा १२० ग्रॅमचा असेल, तर त्याच अंगलटीचा ४० सेंमीचा मासा ९६० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. बराच कमी भरला, तर त्याला पोटभर मिळतंय का, हे तपासावं लागतं. चिलापीचं तर ठाऊकच आहे: लहानपणीच अंडी घालायला लागते, गर्दी होते आणि वाढ खुंटते. म्हणजे मासे लहान दिसले की ती पिल्लंच आहेत, असं धरून चालत नाही.

सगळ्यात जास्त फसगत जाळ्यात होते. कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्याच्या आसेतून, म्हणजे विणीतल्या भोकातून, बारका मासा निसटतो आणि फार मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही. एकाच आसेचं जाळं लावलं, तर सगळे मासे जवळपास सारखे मिळणार. तो आकार जाळ्याचा, तलावाचा नव्हे! म्हणून बारीक ते मोठ्या आसेची जाळी एकत्र लावतात. मग प्रत्येक सेंमीला किती मासे, याचा आलेख काढतात. ज्या जाती ठरावीक हंगामात अंडी घालतात, त्यांच्या आलेखात वेगवेगळे उंचवटे दिसतात. बहुधा एकेक उंचवटा एकेका वर्षाच्या पिल्लांचा. लहान माशांचा उंचवटाच नसेल आणि बारीक आसेचं जाळं लावलेलं असेल, तर त्या वर्षी पैदास फसली असावी, अशी शंका घ्यायची.

आणि सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको: उन्हाळ्यात उजनी बऱ्याचदा मायनसमध्ये जाते, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरतं. पाणी आटलं की मासे दाटीनं राहतात आणि तेवढ्याच जाळ्यात जास्त सापडतात. तेव्हा मे महिन्यातली मोजणी ऑक्टोबरातल्या मोजणीशी लावू नका. दरवर्षी तोच महिना धरा, तीच जाळी तितकाच वेळ लावा, आणि त्या दिवशीची पाणीपातळी वहीत पहिल्या ओळीत लिहा.