धडधड छातीत, शोध मेंदूत

नमस्कार इंदूरकर मंडळी. सराफ्यातली रात्रीची गर्दी, हातात भुट्ट्याचा कीस, आणि अचानक छाती धडधडायला लागते. घाम फुटतो, श्वास पुरेनासा होतो, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. दहाएक मिनिटांत भीती टिपेला पोचते आणि ओसरते. ईसीजी नॉर्मल येतो. असं पुन:पुन्हा होऊ लागलं आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीनं माणूस घराबाहेर पडेनासा झाला, की तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "मेंदूचा एमआरआय काढून टाका एकदाचा!"

त्यात काय दिसेल? निदान करण्याजोगं काही नाही. याचा अर्थ आजार खोटा आहे, असा मुळीच नाही. 2004 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूतल्या घडामोडी दाखवणाऱ्या तपासणीत, या रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचे एका प्रकारचे रिसेप्टर (ते रसायन टिपणारे रेणू) कमी आढळले. पण तो फरक गटांच्या सरासरीतला. एकट्या माणसाची फिल्म बघून त्याला हा आजार आहे की नाही, ते सांगता येत नाही.

शिवाय स्कॅन फसवतातही. 1989 मध्ये विजेचा झटका बसणार या धास्तीत ठेवलेल्या निरोगी लोकांच्या पेट स्कॅनमध्ये कानशिलाजवळचा मेंदू उजळलेला, म्हणजे तिथला रक्तप्रवाह वाढलेला दिसला. भीतीचं ठिकाण सापडलं म्हणायचं! 1992 मध्ये त्याच चमूनं दुरुस्ती छापली: लोक घाबरून दात आवळत होते, आणि दिसलं होतं ते बरंचसं कानशिलाच्या स्नायूंतलं रक्त. अशी दुरुस्ती स्वतःहून छापणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

अमिग्डाला हा मेंदूच्या आतला छोटासा भाग म्हणजे भीतीचं केंद्र, हेही आपण सर्रास ऐकतो. 2013 मध्ये, दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेल्या तीन स्त्रियांना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एकेक श्वास दिला. एरवी कशाला न घाबरणाऱ्या त्यांच्यातल्या एकीसकट तिघींनाही पॅनिकचा झटका आला! म्हणजे आतून, श्वासातून येणाऱ्या भीतीची वाट वेगळीही असू शकते.

तेव्हा पहिल्या झटक्याला ईसीजी, थायरॉइड जरूर तपासा. ते ठीक असेल, तर स्कॅनचे पैसे वाचवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. औषधं आणि वर्तनोपचार, दोन्हींचा उपयोग होतो. जायला संकोच वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.