दोन रुपयांचा नट

नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख ‘विमानतज्ज्ञ’ म्हणून करून दिली. मंडळी, मी लेथवाला. माधवनगर रोडला शेड आहे आणि विमानात आजवर चारदा बसलोय, त्यातलं एकदा डोळे मिटून. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुन्या विमानांच्या शर्यतीत हवेतच बिघाड झाला तर?’ त्याकडं येतोच. तोवर ही डबी पहिल्या रांगेपासून मागं फिरवत न्या. आत एक बोल्ट आहे आणि दोन नायलॉक नट आहेत, एक नवा, एक वापरलेला. दोन्ही बोल्टवर चढवून बघा. नव्याचे दोन आटे बोटानं जातील, मग तो अडून बसेल, पुढं पाना लागेल. वापरलेला मात्र बोटानं शेवटपर्यंत सुर्रकन जाईल. त्याच्या तोंडाशी नायलॉनचं जे कडं असतं तेच बोल्टला धरून ठेवतं. पुन्हा पुन्हा आटे त्यातून गेले की त्याचा दम संपतो. दिसायला दोघं जुळे भाऊ. किंमत विचाराल तर दोन रुपये.

आता माझं दुखणं सांगतो. घरात सगळ्यांचं ऐकून पाठ झालंय, म्हणून तुमच्यासमोर.

1991 ची गोष्ट. मामांकडं जुनी जीप होती. चिपळूणला मावसबहिणीचं लग्न, म्हणून मागं गुळाच्या चार ढेपा, दोन पातेली आणि एक रुसलेली मामी असं सामान भरून आम्ही निघालो. कऱ्हाड, पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाटाला लागलो. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजात स्टिअरिंगचं काम करून घेतलेलं. नाव घेत नाही, त्यांच्याकडचं कुणीतरी इथं बसलेलं असायचं. (हशा) घाट उतरताना तिसऱ्या वळणावर गाडी थरथरायला लागली. मामी म्हणाली, “रस्ताच खराब हाय.” पुढच्या वळणावर खाडकन आवाज झाला आणि टायरॉडचं एक टोक सुटलं. टायरॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना एका मतावर ठेवणारा दांडा. तो सुटल्यावर एक चाक माझं ऐकत होतं आणि दुसरं स्वतःच्या मनानं चाललं होतं. आघाडी सरकारसारखं. (हशा) एकीकडं दरी. मामा ओरडले, “डोंगराकडं घाल की रं!” घातली. गटारात चाक गेलं, गाडी आडवी होता होता राहिली. एक ढेप मामीच्या मांडीवर.

खाली वाकून बघतो तर बोल्टच्या जागी नुसतं भोक. मूळचा खाचांचा नट, ज्याला स्प्लिट पिन लागते, तो म्हणे मिळाला नाही, म्हणून कुठल्या तरी गाडीचा उतरवलेला नायलॉक चढवलेला. आणि बिलावर काय? ‘नवीन नट, 1 नग’. ते बिल माझ्याकडं अजून आहे. मी ते घेऊन भांडायला गेलो, तर तो गृहस्थ मलाच म्हणतो, “नटानं काय होतंय?” त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं व्याख्यानं देतोय. आमचे आजोबा बैलगाडी शर्यतीला जायचे. गाडी सुटायच्या आधी आसाच्या खिळीला स्वतः हात लावायचे, बैलांना नंतर. त्यांना कुणी ‘खिळीनं काय होतंय’ म्हणालं असतं तर कासऱ्यानंच बोलले असते.

नटानं काय होतं, ते बघायला अमेरिकेत रेनोला जाऊ. नेव्हाडाच्या वाळवंटातलं शहर. तिथं 1964 पासून 2023 पर्यंत विमानांच्या शर्यती झाल्या. खांब रोवलेले, त्यांना वळसे घालत जमिनीलगत उडायचं. सगळ्यात वेगवान गटात बहुतेक दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. त्यातलं लाडकं म्हणजे पी-51 मस्टँग. बारा सिलिंडरचं, 27 लिटरचं मर्लिन इंजिन. याच घराण्यातली इंजिनं स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये होती, आणि ती दोन्ही विमानं आपल्या हवाई दलानंही उडवलीत.

16 सप्टेंबर 2011. जिमी लीवर्ड, वय 74, विमानाचं नाव ‘गॅलोपिंग घोस्ट’. वेग ताशी 800 किलोमीटरच्या आसपास. विमानाच्या शेपटाला आडवा पंख असतो, त्याला मागं एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा हलता भाग, आणि एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी. तिला ट्रिम टॅब म्हणतात. एवढ्या वेगाला मस्टँगचं नाक वर जाऊ बघतं. पायलट सारखा दांडा रेटत बसू नये म्हणून ही पट्टी ते नाक दाबून धरते. डाव्या पट्टीचे स्क्रू सैल झाले होते. तपासाअंती काढलेलं कारण ऐका, पुन्हा पुन्हा वापरलेले लॉकनट, डबीतल्या जुन्या नटाचेच भाऊबंद. त्यांची पकड गेली, पट्टी फडफडायला लागली. वळवाच्या वाऱ्यात गोठ्याचा सैल पत्रा कसा थडाथड आपटतो आणि मग एकदम उडतो, तसं झालं. त्यात त्या विमानात कितीतरी बदल केलेले, आणि त्यांची नीट चाचणीही नव्हती, नोंदही नव्हती. पट्टी ताब्याबाहेर जाताच नाक वर उसळलं आणि पायलटच्या अंगावर 17 पट वजन आलं. 70 किलोचा माणूस जवळजवळ बाराशे किलोचा झाला, म्हणजे मामांची जीपच मांडीवर. सेकंदाच्या आत शुद्ध गेली. विमान प्रेक्षकांच्या खुर्च्यांजवळ कोसळलं. पायलट धरून 11 माणसं गेली.

आता हे ऐका. तिथंच, 1998 साली, बॉब हॅना या पायलटच्या मस्टँगची हीच डावी पट्टी तुटली होती. हा हॅना मूळचा मोटोक्रॉसचा चॅम्पियन. त्याच्या अंगावर दहापटीहून जास्त वजन आलं, शुद्ध हरपली. जागा झाला तेव्हा विमान 9000 फुटांवर होतं. सुखरूप उतरला. म्हणजे इशारा तेरा वर्षं आधी मिळालेला. आमच्या जीपसारखाच. आधी थरथर, मग...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं’. खाली अधोरेखित, ‘विषय’. (हशा) बरोबर आहे, विषय राहिलाच.

तर हवेत बिघाड झाला की पायलट काय करतो? मामांच्या उलट. आपण रस्त्यावर आधी थांबायला बघतो, तो आधी वर जातो. रेडिओवर ‘मेडे’ म्हणायचं, म्हणजे संकटाची हाक द्यायची, नाक उचलायचं, खांबांच्या रांगेतून बाहेर. हिशेब सोपा आहे. ताशी 720 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 200 मीटर. हवेनं अडवलं नाही तर तेवढ्या वेगात दोन हजार मीटर चढायची ताकद असते. प्रत्यक्षात बरीच कमी मिळते, पण निम्मी मिळाली तरी धावपट्टी निवडायला वेळ मिळतो. वेग बँकेतल्या शिलकीसारखा, त्याची उंची विकत घ्यायची आणि मग ती जपून खर्चायची.

बिघाड बहुतेक इंजिनाचा. शर्यतीत मर्लिनला युद्धात दिली नसेल इतकी दाबाची हवा पाजतात. मग कनेक्टिंग रॉड तुटतो, ऑईल उडून पुढची काच काळी होते, किंवा कूलंट जाऊन वाफ होते. पंख्याच्या पात्यांचा कोन ऑईलवरच चालतो. 1979 साली स्टीव्ह हिंटन या पायलटच्या ‘रेड बॅरन’ विमानाचं इंजिन शर्यतीत गेलं आणि पाती सपाट झाली. हा एकामागं एक, उलट दिशांना फिरणाऱ्या दोन पंख्यांचा नमुना. सपाट पाती म्हणजे समोर ताट धरल्यासारखी, विमान दगडासारखं खाली. धावपट्टी गाठली नाही. हाडं मोडली, पण माणूस वाचला, आणि पुढं त्याच शर्यतींत सगळ्यांच्या पुढं राहून सुरुवात करून देणारं विमान चालवायला लागला. बाकी, चाकं कधी सोडायची, फ्लॅप कधी... दुसरी चिठ्ठी. थांबतो.

फक्त ती डबी. कुठपर्यंत गेली? दोन्ही नट आणि बोल्ट मोजून परत द्या. मागच्या वेळी दुसऱ्या एका गावात डबी परत आली तेव्हा आत एकच नट होता, नवा. जुना कुणीतरी उचलला. तेव्हापासून त्या गावात मी एसटीनं जातो, आणि खिडकीतून आधी चाकं बघतो.