पहिला नंबर कशाला?

नमस्कार श्रोतेहो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मला तीस वर्षं होऊन गेली. "मोठेपणी कोण होणार?" हा प्रश्न आजवर किती पोरांना विचारला, त्याचा हिशेब नाही. दुसरीतली पोरं पटापट सांगून मोकळी होतात. पोलीस, डॉक्टर, एसटीचा ड्रायव्हर. एकाने "आंब्याचा व्यापारी" असं सांगितलं होतं. त्याच्या आजोबांची कलमं मला ठाऊक आहेत, त्यामुळे सगळ्यांत व्यवहारी उत्तर तेच वाटलं. यंदा मात्र ज्याला खरोखरच उत्तर द्यायचंय असं माणूस माझ्याच घरात आहे.

ती माझी भाची. ताईचं घर लांजा तालुक्यात, आत. अकरावीला ही रत्नागिरीत आमच्याकडे आली ती दोन वर्षं इथेच. ५ मे २०२५ला बारावीचा निकाल लागला. राज्याचा ९१.८८ टक्के, आपल्या कोकण विभागाचा ९६.७४, राज्यात पहिला. पेढे वाटले खरे, पण शंभरातले जवळजवळ सत्त्याण्णव जिथे पास होतात, तिथे पास होण्याचं कौतुक दुपारपर्यंतच टिकतं. मग सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल. अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल, पुढे दशांशचिन्हानंतर सात आकडे. माझी आई खूश झाली, "अठ्ठ्याऐंशी म्हणजे चांगलेच की गं!" पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभर मुलांच्या रांगेत आपण कुठे उभे आहोत ते, हे तिला समजावता समजावता माझा चहा गार झाला.

त्यानंतर जो येईल तो विचारी, "मग, पुढे काय?" एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शेजारच्या काकांना तिने सांगितलं, "कॉम्प्युटर." त्यांच्या बायकोला, "बघू, कॅपमध्ये काय लागतं ते." (कॅप म्हणजे कॉलेजप्रवेशाची सरकारी प्रक्रिया, फेऱ्याफेऱ्यांनी चालणारी.) आणि आजीला, "तू म्हणशील ते." तीन माणसं, तीन उत्तरं, आणि एकही तिचं स्वतःचं नाही. आपण मोठी माणसंच पोरांना ही सवय लावतो.

तिची एक दोनशे पानी वही आहे. पट्टीने रकाने आखलेले. कॉलेज, शाखा, मागच्या वर्षीचा कटऑफ, फी, हॉस्टेल. मुलींच्या फीचा प्रश्न पुष्कळसा सुटलाय. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला, तर कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षेची फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. मेसचे पैसे मात्र भरावेच लागतात. हे सगळं तिने नीट मांडलं होतं. पण शेवटच्या रकान्याला नावच नव्हतं. नुसते आकडे. ८, ७, ११, २.

"हे काय गं?"

"तास. घरी यायला लागतात ते."

आम्ही सगळे शाखेवरून भांडतोय आणि ही एसटीचे तास मोजतेय! रत्नागिरीत आता सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आहे, तिथे हवी ती शाखा मिळेलच असं नाही. पुण्यात खाजगीत कॉम्प्युटर मिळण्यासारखं आहे. भावोजींचं मत पुण्याला. ताईचं मत विचारलं की ती म्हणते, हे म्हणतील तसं. मी एकदा तोंड उघडलं आणि बोलून गेले, "इथल्या त्या शाखेला स्कोप नाही." तिने शांतपणे विचारलं, "मावशी, तुला कसं माहीत?" मला काहीच माहीत नव्हतं. स्कोप हा शब्द मी लग्नाकार्यांत ऐकून ऐकून उचललेला.

मी बारावी झाले तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. अण्णा म्हणाले, डी.एड. कर. केलं. निवडायला काही होतं असं तेव्हा वाटलंच नाही, म्हणून रात्रीची झोपही कधी उडाली नाही. ही मात्र दोन-दोन वाजेपर्यंत जागी.

कारण २०२५चा नियम. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत, पहिल्या नंबरवर टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं, तर ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तिनांना, तिसरीत पहिल्या सहांना. म्हणजे "टाकून तर बघू" म्हणायची सोय उरली नाही. पहिल्या ओळीत जे लिहायचं, ते खरंच हवं असायला हवं.

फॉर्म भरला त्या रात्री पाऊस असा, की पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात बोलणंही ऐकू येईना. दोनदा लाइट गेली. ताईचा गावाहून फोन, भावोजींचा मागून आवाज, "पुणं टाकलंन् का विचार." मी टॉर्च धरून तिच्या मागे उभी. सगळे नंबर भरून झाले होते, फक्त पहिला चौकोन रिकामा. मला वाटलं, आता ही माझ्याकडे वळून बघेल.

तिने वळून न बघताच सांगितलं, "मावशी, जरा चहा ठेवतेस?"

मी गेले. चहा उकळू दिला, नेहमीपेक्षा जास्तच. परत आले तेव्हा फॉर्म कन्फर्म झाला होता. मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

उद्या पहिल्या फेरीची यादी. काल दुपारी धुणं वाळत घालताना तिने सहज विचारलं, "मावशी, माळ्यावरच्या त्या मोठ्या बॅगेची चेन तुटलीय ना?"

तुटलेली नाही. मी रात्रीच स्टूल घेऊन चढले आणि दोन्हीकडून ओढून बघितली.