ते शेत कुणी कसेना

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळा सरता सरता नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायथ्याला एका आबांशी गाठ पडली. डोंगराच्या अंगाला त्यांची दीड एकर जमीन आहे. दोन्ही मुलं नोकरीला. वाट्यानं करायला माणूस मिळत नाही, आणि प्लॉट पाडणारे दर आठवड्याला दारात. आबा म्हणाले, "विकायची नाही ताई, लेण्याला द्यायची. पण लेण्याला म्हणजे नेमकी कुणाला?"

या प्रश्नानं मला थेट तीन नंबरच्या लेण्यात नेलं. आपण तिथे जातो, मूर्तींचे फोटो काढतो नि उतरतो. ओसरीच्या भिंतीवर, छताखाली जी अक्षरं आहेत त्यांच्याकडे फारसं कुणी मान वर करून बघत नाही. ती अक्षरं शेतजमिनीबद्दल आहेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपल्या राज्याच्या 18व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, आज्ञा केली, की पश्चिम काखडी गावातलं 200 निवर्तनं शेत (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या भिक्षूंना द्या. आधी ते शेत उषवदाताकडे होतं, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाकडे. आणि नुसतं शेत दिलं नाही. त्यात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, असं सगळं लिहून दिलं. संरक्षित क्षेत्राचे नियमच म्हणा ना हे, 1900 वर्षांपूर्वीचे.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो त्याच्या खालचा लेख. राज्याचं साल 24, म्हणजे सहा वर्षांनंतरचा. ही आज्ञा राजाच्या नावानं आहे आणि राजमातेच्याही. त्यात सरळ कबुली आहे: "त च खेतं न कसते, स च गामो न वसति." शेत कुणी कसत नाही आणि गावही वसत नाही. म्हणून मग इथल्या नगराच्या शिवेवरची आपली राजकी जमीन, 100 निवर्तनं, त्याच भिक्षूंना दिली.

बघा, एवढा मोठा राजा. त्याचं दान पडीक पडलं, आणि त्यानं ते झाकलं नाही, भिंतीवर कोरून घेतलं. दान देताना कसणारा कोण, हे ठरलं नाही तर काय होतं ते तिथे लिहिलेलं आहे.

उषवदाताची रीत वेगळी होती. दहा नंबरच्या लेण्यात त्याचा लेख आहे. त्यानं एका ब्राह्मणाकडून नगराच्या सीमेवरचं वायव्येचं शेत 4000 काहापणांना, म्हणजे त्या काळच्या नाण्यांना, रीतसर विकत घेतलं, का तर लेण्यात राहणाऱ्या सगळ्या भिक्षूंना त्यातून अन्न मिळावं. शिवाय 3000 काहापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. शेताबरोबर खर्चाची सोयही लावून दिली त्यानं.

आता आजच्या कागदांकडे येऊ. शेतजमीन द्यायची तर बक्षीसपत्र लागतं, ते नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात. वडिलोपार्जित असेल तर बहिणींसकट सगळ्या हिस्सेदारांची संमती आधी घ्या. मग फेरफार, मग सातबारा. घेणारी संस्था शेतकरी नसेल, तर आपल्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बक्षीस दिलं तरीसुद्धा. आणि हे सगळं झालं तरी ती जमीन आपोआप संरक्षित स्मारकात जात नाही. त्यासाठी प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्याखाली केंद्र सरकारची अधिसूचना निघावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. मालकी वेगळी, संरक्षण वेगळं. बरेच भले दाते इथेच गोंधळतात.

बाहेरचंही एक उदाहरण सांगते. अमेरिकेत गेटिसबर्ग इथे 1863 साली मोठी लढाई झाली. ती रणभूमी आज राष्ट्रीय उद्यान आहे. बिग राउंड टॉप नावाच्या टेकडीच्या पायथ्याची 45 एकर जमीन एका कुटुंबानं त्यासाठी दिली. पण उद्यानाची हद्द कायद्यानं ठरलेली. ती वाढवायला संसदेचा कायदा लागला, तो झाला डिसेंबर 2014मध्ये. दान आधीच झालेलं होतं, हद्द मात्र मागून आली. त्या उद्यानातली एक गोष्ट मला फार आवडते: तिथली पुष्कळ शेतं आजही शेतकऱ्यांना कसायला देतात. लढाईच्या वेळी तिथे शेतं होती, म्हणून आजही शेतंच दिसली पाहिजेत.

आपल्याकडे उद्यान म्हटलं की लॉन, पेव्हर ब्लॉक नि कारंजं. मला ते मनापासून खटकतं. स्मारकाभोवतीच्या 100 मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. नांगराला तशी आडकाठी नाही. ज्या लेण्याचं पोट शेतावर भरत होतं, त्याच्या पायथ्याला बाजरी-हरभरा उभा राहिला तर त्याहून शोभणारं दुसरं काय असणार?

आबांना मी हे सगळं सांगितलं. गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून तो साल 24चा लेख कागदावर उतरवून नेला आणि वाचून दाखवला. अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "न कसते," ते स्वतःशीच म्हणाले. "कळलं की."

वकिलाकडे त्यांचा मसुदा चालू आहे. कसण्याची अट, विहिरीतला हिस्सा, बांधावरून जायची वाट, सगळं त्यात घालायला सांगितलंय त्यांनी. कागद व्हायला वेळ लागेल. तोवर शेजारच्या एका तरुणाला त्यांनी गाठलंय, आणि या रब्बीला दीड एकरात हरभरा पेरलाय.

नमस्कार.