लोक म्हणतात, मला नाही माहीत

ट्रॉय शहराला ग्रीकांचा वेढा पडलाय, बाहेर रोज लढाई चालू आहे आणि आत एप्रिल महिन्यातला सण, देवळात ही गर्दी. राजाचा मुलगा ट्रॉयलस मित्रांना घेऊन हिंडतोय, प्रेमात पडलेल्यांची टर उडवतोय, आणि तेवढ्यात त्याची नजर गर्दीतून आरपार जाते ती थेट एका बाईवर. काळे कपडे, विधवा आहे, नाव क्रिसेड. बाप शत्रूला जाऊन मिळालाय म्हणून ती बिचारी जीव मुठीत धरून राहतेय. झालं, टर उडवणाराच कामातून गेला.

इंग्रज कवी जेफ्री चॉसरने १३८० च्या दशकात ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ हे काव्य लिहिलं, ८ हजारांवर ओळी, कथा बोकाचिओ या इटालियन लेखकाकडून घेतलेली. ट्रॉयलस झुरायला लागतो तेव्हा क्रिसेडचा काका पँडारस त्याला धीर देतो, अरे नशिबाचं चाक फिरायचं थांबलं तर ते नशीब कसलं, तुझेही दिवस येतील. आणि येतात खरंच. पण पुढे तेच चाक परत फिरतं ना! ट्रॉयची सभा ठरवते की ग्रीकांच्या कैदेतला अँटेनॉर सोडवायचा आणि बदल्यात क्रिसेडला द्यायचं. तिला कोणी विचारतसुद्धा नाही. आणि हाच अँटेनॉर पुढे ट्रॉयशी गद्दारी करतो.

ती दहा दिवसांत परत येते म्हणून सांगून जाते. ट्रॉयलस तिच्या घरासमोर जातो, सगळ्या खिडक्या बंद, आणि त्याला वाटतं आजूबाजूला लोक नसते तर त्या थंड दाराचे मुके घेतले असते. दहाव्या दिवशी वेशीवर उभा राहतो, लांबून काहीतरी येताना दिसतं, आली आली म्हणतो, तर ती नुसती मालाची गाडी.

मला सगळ्यात लागतं ते हे की क्रिसेडच्या रूपाचं नीट वर्णन चॉसर इथे करतो, ती हातची गेल्यावर, पाचव्या म्हणजे शेवटच्या भागात. भुवया मधे जुळलेल्या, तेवढं सोडलं तर कुठे खोट नाही, मन हळवं पण न टिकणारं. तिकडे छावणीत डायमीड नावाचा ग्रीक योद्धा तिच्या मागे लागलाय. तिला कळतंय की जग असेपर्यंत आपल्याबद्दल कोणी चांगला शब्द लिहिणार नाही, आणि खरंच शेकडो वर्षं तिला बेइमानच म्हटलं गेलं. चॉसरचा मात्र तसं लिहायला हात धजत नाही. तो एवढंच लिहितो, लोक म्हणतात तिने डायमीडला मन दिलं, मला नाही माहीत.