मनगटावरचे दात

नागपूरचा मे महिना. पारा ४५ अंशांवर. खिडकीतला कूलर घरघरतोय. दुपारचे ४ वाजलेत. नऊ वर्षांचा मुलगा चटईवर बसलाय. आईने वही उघडली, पेन्सिल हातात दिली, आणि त्याने स्वतःचं मनगट कचकन चावलं.

त्या मनगटाला घट्टे पडलेत. कातडी जाड, काळपट झालीये.

त्याला ऑटिझम आहे, बौद्धिक अक्षमताही आहे. शब्द तीनच. आई, पाणी, भुर्र.

"तो मुद्दाम करते, असंच वाटे मला," आई सांगते. "एकदा मारलं मी त्याले. रात्री मीच रडत बसली."

सीताबर्डीच्या गर्दीत तो रस्त्यावर लोळला, तेव्हा बघ्यांनी सल्ला दिला, दोन लगावा, सरळ होईल. त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, ज्याच्याकडे तीनच शब्द आहेत, त्याने 'पुरे' कसं म्हणायचं?

आधी डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. कान, दात, पोट, झोप, फिट्स. दाढ ठणकतेय हे सांगता येत नाही, म्हणून डोकं भिंतीवर आपटणारी मुलं असतात. दुखणं न शोधता वागणुकीच्या मागे लागणं हा त्या मुलांवर अन्याय आहे. इथे तसं काही निघालं नाही.

मग स्पेशल एज्युकेटरने आईला तीन रकाने आखून दिले. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे फक्त लिहायचं.

पान जवळून बघूया.

'सोमवार, ४ वाजता. वही काढली. चावला. वही ठेवून दिली.'

'मंगळवार. अक्षर गिरवायला सांगितलं. चावला. आजीने उचलून नेलं.'

'बुधवार. पाहुणे आले, अभ्यास नाही. चावला नाही.'

तिसऱ्या रकान्याशी आई थबकली. चावलं की वही मिटत होती. मनगट चावणं हाच त्याचा 'नको' होता, आणि घरात तो दर वेळी ऐकला जात होता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हेच दाखवून दिलं. मूल त्या वागण्यातून काय मिळवतंय ते ओळखा, तेच मागायची सोपी रीत शिकवा, त्रासदायक वागणं कमी होतं. दुसरं एखादं मूल कुणी लक्ष द्यावं म्हणून चावत असेल, किंवा त्या दाबाने बरं वाटतं म्हणून. त्याला 'नको' म्हणायला शिकवून भागायचं नाही. म्हणून तर आधी ते तीन रकाने.

या मुलासाठी पुठ्ठ्याचं कार्ड बनलं, त्यावर लाल पंजा, म्हणजे 'पुरे'. हात तोंडाकडे जायच्या आत आई त्याचा हात धरून ते कार्ड स्वतःच्या हातात द्यायला लावायची आणि लगेच वही मिटायची. दोन मिनिटं सुट्टी. पानभर अक्षरांऐवजी तीनच अक्षरं.

"असं तर तो काहीच शिकणार नाही," आजी म्हणाल्या. त्यांची काळजी रास्तच होती. पण सुट्टीआधी एक अक्षर, मग दोन, असं हळूहळू वाढवत नेलं. रात्रीची झोप झाली नसेल, तर आजही तो चावतो.

गेल्या रविवारी सलूनमध्ये मशीन कानाजवळ आली. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि सलूनवाल्या काकांच्या हातात ठेवलं. मशीन बंद. अर्धं डोकं कापलेलं. काका आईकडे बघतात. आई दोन बोटं दाखवते. दोन मिनिटं.