गोधडीवर उरलेला खिसा

श्रोतेहो, नमस्कार.

आज गोधड्यांबद्दल बोलायचं आहे. या गोधड्या आपल्याकडच्या नाहीत, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या आहेत. रेडिओवर काही दाखवता येत नाही, तेव्हा आपण मिळून मनातल्या मनात एक गोधडी अंथरू. मोठ्या खाटेवरून दोन्ही बाजूंना लोंबेल एवढी. कापड सगळं शेतात घालायच्या कपड्यांचं: डेनिमच्या विजारी, जाडेभरडे सदरे. धुऊन धुऊन निळ्याच्या जितक्या छटा होतात तितक्या सगळ्या इथं आहेत. आता जरा वाकून बघा. एका फिकट तुकड्यावर हाताच्या पंजाएवढा गडद चौकोन दिसेल. तिथं खिसा होता. तो उसवून काढला, आणि त्याच्याखालच्या ज्या कापडाला कधी ऊन लागलंच नव्हतं, ते नव्यासारखं निळं राहिलं. शेजारचा तुकडा गुडघ्यावरचा. घासून पांढुरका पडलेला. ज्या माणसानं ही विजार घातली तो कसा वाकत होता, कुठं टेकत होता, ते सगळं कापडानं धरून ठेवलेलं आहे.

अशीच एक गोधडी मिझूरी पेटवे या बाईनं १९४२ मध्ये शिवली. नवरा नुकताच गेला होता. तिची मुलगी आर्लोंझिया हिनं पुढं म्हातारपणी ती हकीकत सांगितली आहे. आईनं तिला बोलावलं आणि म्हणाली, त्याचे कामाचे कपडे घेऊन मी गोधडी करणार, त्याची आठवण म्हणून, आणि मायेनं ती पांघरणार. मायलेकींनी कपडे फाडले, तुकडे जोडले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आज ती गोधडी आहे.

हे ज्या गावात घडलं त्याचं नाव जीज बेंड. अलाबामा नदी इथं असा वळसा घेते की गावाच्या तीन बाजूंना पाणी. जोसेफ जी नावाच्या जमीनदारानं १८१६ मध्ये इथं कापसाचा मळा बसवला, गावाला नाव त्याचंच. १८४५ मध्ये मळा मार्क पेटवेकडे गेला. त्यानं नॉर्थ कॅरोलिनातून सुमारे शंभर गुलाम इथवर पायी चालवत आणले. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, आडनाव मात्र मालकाचं चिकटलं ते चिकटलंच. म्हणून पुढं ज्या बायकांची नावं घेईन, त्यांतल्या बऱ्याच जणी पेटवेच आहेत.

गुलामगिरीनंतर ही माणसं तीच जमीन वाट्यानं कसू लागली. बी-बियाणं, किराणा सगळं उधारीवर. पलीकडच्या कॅमडन गावातला उधारी देणारा व्यापारी वारला आणि १९३२ मध्ये त्याच्या घरच्यांनी वसुली काढली. माणसं आली आणि साठेक घरांतून औतं, जनावरं, कोंबड्या, साठवलेलं धान्य, हाताला लागेल ते घेऊन गेली. त्यानंतर गाव जगलं ते रेड क्रॉसच्या शिध्यावर. पुढं १९३७ मध्ये रूझवेल्ट यांच्या सरकारनं ती सगळी जमीनच विकत घेतली, घरं बांधून दिली, आणि काही वर्षांत स्वस्त कर्जावर जमिनीचे तुकडे कुटुंबांच्या नावावर केले. पायाखालची जमीन आपली झाली म्हणून माणसं गाव सोडून पांगली नाहीत, आणि आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे शिवणही चालू राहिलं.

त्याच १९३७ मध्ये सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टाइन तिथं गेले होते. त्यांच्या फोटोंत लाकडी घरांच्या आतल्या भिंतींवर वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवलेली दिसतात. फळ्यांच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून. तरी थंडी आत यायचीच. मग लेकरांच्या अंगाखाली गोधडी, अंगावर दोन-तीन गोधड्या. ती जुनी होऊन फाटली की दुसऱ्या गोधडीच्या पोटात भर म्हणून जायची.

आपल्या गोधडीत लुगड्यांचे थर एकावर एक घालून दोरे घालतात. तिकडची रीत वेगळी. खाली अस्तर, बऱ्याचदा पिठाच्या नाहीतर खताच्या पोत्यांचं. मध्ये कापूस, आणि तोही सरकी काढायच्या जिनात जमिनीवर सांडलेला, वेचून आणून काठ्यांनी झोडून मोकळा केलेला. दिवसभर ज्यांनी दुसऱ्याचा कापूस वेचला, त्यांच्या वाट्याला हा असा कापूस. सर्वांत वर तुकड्यांचा थर. तो प्रत्येकीनं आपल्या घरी, एकटीनं जोडायचा. तीनही थर लाकडी चौकटीवर ताणून टाके घालायची वेळ आली की शेजारणी जमायच्या.

वरचा थर एकटीनं करायचा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथं कुणाचं चालत नाही. ‘हाउसटॉप’ म्हणून त्यांची एक आवडती मांडणी आहे: मधोमध चौकोन, आणि त्याभोवती पट्ट्या फिरवत नेत जायचं, घराचं छप्पर आभाळातून पाहावं तसं. रीत सगळ्यांना ठाऊक, पण एखादी पट्टी मध्येच तिरकी जाते, एका कोपऱ्यात अचानक लाल येतो, एक बाजू दुसरीपेक्षा रुंद होते. विचारलं तर बाया म्हणतात, ‘माय वे’. माझ्या रीतीनं. या गोधड्यांना गरिबीतून आलेली कला म्हणतात तेव्हा मला ते अपुरं वाटतं. गरिबीनं फक्त चिंध्या दिल्या. लाल कुठं ठेवायचा, ते त्या बाईनं ठरवलं.

टाके घालताना बाया भजनं म्हणायच्या. दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जुनी रीत अशी की एकानं ओळ उच्चारायची आणि सगळ्यांनी ती संथ लयीत, लांबवत उचलायची. वारकऱ्यांचं भजन ज्यांच्या कानावर आहे त्यांना हे उचलणं वेगळं समजावून सांगायला नको. रॉबर्ट सोनकिन यांनी १९४१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी याच गावात जाऊन गाणी ध्वनिमुद्रित केली. २००२ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण झालं, आणि साठ वर्षांच्या अंतरानं घेतलेले तिथले आवाज एकाच संचात ऐकायला मिळाले. वाद्याचा आधार नाही, नुसते गळे.

साठच्या दशकात या गावानं मतदानाचा हक्क मागितला. नोंदणीचं ठिकाण कॅमडनला, नदीपलीकडं, होडीनं काही मिनिटांवर. १९६२ मध्ये ती होडीच बंद करण्यात आली. आता वळसा घालून सुमारे साठ किलोमीटर. मार्टिन ल्यूथर किंग १९६५ च्या फेब्रुवारीत इथं येऊन बोलले. लोक नोंदणीला जातच राहिले, आणि त्यापायी कित्येकांची कामं गेली. फ्रान्सिस वॉल्टर या पाद्र्यांच्या नजरेला दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पडल्या, आणि त्यातून १९६६ मध्ये बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाले, बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. मात्र गिऱ्हाइकाला एकसारखा माल हवा असतो. टाके मोजून, नक्षी ठरवून. तिथं ‘माझी रीत’ बाजूला ठेवावी लागली. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डुरॉयच्या, म्हणजे उभ्या रेघांच्या मखमली कापडाच्या, उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. कापून उरलेल्या पट्ट्या बाया घरी नेऊ लागल्या, आणि जीज बेंडच्या गोधड्यांत एकदम नवे रंग आले: मोहरीसारखा पिवळा, चेरीचा लाल, अव्होकॅडोचा हिरवा. कॉर्डुरॉय जाड, त्यावर बारीक नक्षी जमत नाही. म्हणून तुकडे मोठे झाले, मांडणी ठसठशीत झाली. संस्थेत दिवसभर मापानं शिवायचं आणि रात्री घरी त्याच कापडानं मनासारखं.

नव्वदच्या दशकात अटलांटाचे संग्राहक विल्यम आर्नेट यांनी एका पुस्तकात फोटो पाहिला. सरपणाच्या ढिगावर टाकलेली एक गोधडी, निळ्या डेनिमच्या चौकटीत लाल-केशरी पट्ट्या. शोधत ते अ‍ॅनी मे यंग या बाईंच्या दारात गेले. डास पळवायला जुन्या गोधड्या जाळायची तिथं पद्धतच होती, आणि बाईंनी थोड्याच दिवसांपूर्वी काही जाळल्याही होत्या. फोटोतली सुदैवानं सापडली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन भरलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकानं अमेरिकेनं घडवलेल्या आधुनिक कलेतल्या सर्वांत अद्भुत कृतींमध्ये या गोधड्या मोजल्या आणि फ्रेंच चित्रकार मातिसचं नाव घेतलं.

मातिसशी तुलना ऐकून बरं वाटतं, पण माझं मन पुन्हा खाटेकडंच जातं. लोरेटा पेटवे यांच्या गोधड्या आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलंय की त्यांना शिवणं आवडत नव्हतं. लेकरं थंडीत कुडकुडत होती, विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्या शिवत राहिल्या. भिंतीवरच्या त्या देखण्या निळ्या पट्ट्यांपुढं उभं राहताना हे ठाऊक असावं असं मला वाटतं. नाव झालं, तसा पैशाचा प्रश्नही आला. आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून २००७ मध्ये काही जणी न्यायालयात गेल्या. ते दावे पुढच्या वर्षी मिटले. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लुसी मिंगो आणि याच लोरेटा पेटवे यांना लोककलेसाठीचा अमेरिकेचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला.

होडी परत सुरू झाली ती २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं गेली मधे. त्याच वर्षी अमेरिकेच्या टपाल खात्यानं जीज बेंडच्या दहा गोधड्यांची तिकिटं काढली, एकोणचाळीस सेंटांची.

हिवाळा सरला की जीज बेंडच्या बाया घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढून ऊन-वारा देत. दोरीवर, कुंपणावर, जागा मिळेल तिथं. येणारी-जाणारी थांबून बघायची, शेजारणीनं यंदा काय केलंय, कुठला तुकडा कुठं लावलाय, आणि घरी जाऊन आपलं काही वेगळं करायची. २०२२ पासून त्या वाळवणाचाच दर ऑक्टोबरात उत्सव होतो. गावभर घरांसमोर गोधड्या टांगतात, लांबून माणसं येतात. ज्यांनी त्या शिवल्या त्या बाया खुर्च्या टाकून शेजारी बसलेल्या असतात. वारा आला की सगळ्या गोधड्या एकदम हलतात.

नमस्कार.